अपंगांच्या दांतांची निगा

ज्याला स्वतःचा हात स्वतःच्या तोंडापर्यंत नेतां येत नाहीं, त्याचे दांत कोणीं घासावे? प्रश्न लहान दिसतो. आमच्या खेड्यापाड्यांतून जन्मापासून अथवा दुखण्यामुळें परावलंबी झालेलीं माणसें पुष्कळ घरीं आहेत. त्यांस जेवण कोण भरवितो, अंघोळ कोण घालितो, असें विचारिलें म्हणजे घरचीं माणसें तत्काळ नांव सांगतात. दांत कोण घासतो असें विचारिलें म्हणजे एकमेकांकडे पाहूं लागतात. या पाठांत आम्ही त्याच कामाविषयीं लिहिणार आहों.

प्रथम आमचीच एक चूक सांगतों. आमच्या फिरतीच्या एका गांवीं बावीस वर्षांचा एक तरुण आहे. जन्माच्या वेळीं मेंदूस इजा होऊन त्याचे हातपाय ताठ राहिले. डॉक्टर या विकारास सेरेब्रल पाल्सी म्हणतात. डावा हात मुळींच उचलत नाहीं. उजवा उचलतो, पण बोटें मुठींतून सुटत नाहींत. त्याला शब्द उच्चारतां येत नाहींत, मात्र बोललेलें सर्व समजतें. एका उन्हाळ्यांत त्यानें आपला उजवा गाल मुठीनें बडविण्यास आरंभ केला. जेवणाची थाळी उडवून द्यावी, रात्रभर ओरडावें, आईनें जवळ घेतलें तर तिच्या हातास चावावें, असें दोन महिने चाललें. शेजारी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. चुलता म्हणाला, लाडानें बिघडला. शेवटीं बापानें निरुपायानें त्याचा उजवा हात खाटेस बांधिला. आम्ही त्या घरीं दोन वेळां गेलों, प्रार्थना केली, आईबापांस धीर धरण्यास सांगितलें, आणि परत आलों. त्याच्या तोंडांत पाहावें हें आम्हांस सुचलें नाहीं.

पुढें आरोग्यकेंद्रांतील परिचारिका दुसऱ्याच कांहीं कामास त्या घरीं आली. तिनें बॅटरीच्या उजेडांत पाहिलें, तों उजवीकडील खालची दाढ मुळापर्यंत किडलेली, व शेजारीं हिरडीस पू धरलेला. जिल्ह्याच्या ठिकाणीं नेऊन ती दाढ काढविली. चौथ्या दिवशीं हात मोकळा ठेविला तरी तो गालाकडे नेईना. आणि त्या रात्रीं दुधांत कुसकरलेली अर्धी भाकर खाऊन तो स्वस्थ झोंपला.

ज्याला ‘दांत दुखतो’ असें म्हणतां येत नाहीं, तो तें वागण्यानें सांगतो. एकाच बाजूनें चावणें, थंड पाणी नाकारणें, आवडीचा पदार्थही तोंडांतून काढून टाकणें, लाळ एकाएकीं अधिक गळूं लागणें, कपडा किंवा बोटें चावीत बसणें, गालावर मारून घेणें, झोंप उडणें, तोंडास घाण येणें, हीं त्याचीं वाक्यें होत. न बोलणाऱ्या माणसाचें वर्तन अकस्मात् बदललें, तर दुसरें कांहीं कारण शोधण्यापूर्वीं कान व तोंड पाहावें. उपदेशक बंधूंनीं घरभेटीस जातांना पिशवींत एक लहान बॅटरी ठेवावी, अशी आमची सूचना आहे. गालाच्या आंत, दाढांच्या मागें व हिरड्यांच्या कडेस पाहण्यास वैद्य असावें लागत नाहीं. गालास सूज आली, ताप आला किंवा गिळतां येईनासें झालें, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. दांतांतील पू मानेंत उतरून प्राणही जाऊं शकतो.

आतां या लोकांचे दांत अधिक कां किडतात तें पाहूं. पुष्कळांचा समज असा आहे कीं, शरीर अधू तसे दांतही जन्मतःच अधू. कांहीं विकारांत दांतांचें कवच पातळ असतें हें खरें. परंतु बहुतेकांचे दांत उगवतांना आपल्यासारखेच धड असतात. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखर खाऊन आम्ल करितात, व तें आम्ल दांताचें कवच झिजवितें. लाळ तें आम्ल हळूहळू धुऊन काढिते. पण त्यास अर्धा-एक तास लागतो, आणि तेवढ्यांत पुन्हां गोड तोंडांत गेलें तर लाळेस सवडच मिळत नाहीं. आपली जीभ गालांत राहिलेला घांस सहज झाडून काढिते. ज्याच्या जिभेवर ताबा नाहीं त्याच्या गालांत चहांत बुडविलेलें बिस्कीट तासभर तसेंच राहतें. त्यांत आकडीचें किंवा खोकल्याचें गोड औषध रात्रीं झोंपतांना दिलें जातें, व त्यावर कोणी चूळ भरवीत नाहीं.

साखर आणि कीड यांचा संबंध आज शाळेंतलें मूलही सांगेल. पण तो कसा सिद्ध झाला हें थोड्यांस ठाऊक आहे, आणि आमच्या विषयाशीं त्याचें निकटचें नातें आहे.

स्वीडन देशांत लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नांवाचें एक मोठें रुग्णालय होतें. तें १९३५ सालीं उघडलें. ज्यांस शिकवून कांहीं उपयोग नाहीं असें त्या काळचें सरकार मानीत असे, अशीं बौद्धिक अपंगत्व असलेलीं माणसें तेथें ठेविलीं जात. त्या वेळीं स्वीडनमध्यें दंतक्षय घरोघर होता, व त्याचें खरें कारण काय याविषयीं तज्ज्ञांत एकमत नव्हतें. १९४५ सालीं सरकारच्या वैद्यकीय खात्याच्या विद्यमानें या रुग्णालयांत प्रयोग सुरू झाले. आरंभीं जीवनसत्त्वें देऊन पाहिलीं. १९४७ पासून साखर. कोणास जेवणाबरोबर साखरेचें पाणी, कोणास गोड पाव, कोणास चॉकलेट, आणि कोणास दांतांस चिकटून राहील अशी मुद्दाम बनविलेली टॉफी, दिवसास आठ किंवा चोवीस. १९५४ सालीं जो वृत्तान्त प्रसिद्ध झाला त्यांत ४३६ माणसांची नोंद आहे. मिठाई बनविणाऱ्या कारखानदारांनीं खर्चास हातभार लाविला होता. ज्यांच्या तोंडांत हा प्रयोग झाला त्यांची संमति कोणीं घेतली नाहीं.

निष्कर्ष स्पष्ट निघाला. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेनें कीड फारशी वाढली नाहीं. दोन जेवणांच्या मध्यें खाल्लेल्या चिकट मिठाईनें ती झपाट्यानें वाढली. आणि मिठाई बंद केल्यावर ती वाढ पुन्हां उतरली. म्हणजे साखर किती खाल्ली यापेक्षां ती किती वेळां खाल्ली व किती वेळ दांतांस चिकटून राहिली यास महत्त्व अधिक. मुलांस मिठाई आठवड्यांतून एकच दिवस, शनिवारीं, द्यावी अशी रीत स्वीडनमध्यें पडली ती याच ज्ञानावरून. कितीएक निरोगी मुलांचे दांत त्यामुळें वांचले. पण व्हिपेहोल्ममधील कित्येकांचे दांत कायमचे गेले. ज्यांस नको म्हणतां येत नव्हतें त्यांच्या मुखांतून सर्व जगास हा धडा मिळाला. अपंगांच्या दांतांकडे पाहणें यास लोक दया म्हणतात. आमच्या मतें तें फेडावयाचें ऋण आहे, आणि तें अजून फारसें फिटलेलें नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट लिहितांना आमचा हात अडखळतो. व्हिपेहोल्ममध्यें जें प्रयोग म्हणून केलें, तें आमच्या घरांत मायेनें होतें. आईला शेतावर जावयाचें असतें. मूल रडूं नये म्हणून हातांत बिस्किटांचा पुडा. पाहुणा येतो तो बिचाऱ्यासाठीं गोळ्या घेऊन येतो. आजी गुळाचा खडा जिभेवर ठेविते. दिवसांत दहा वेळां गोड, आणि रात्रीं दांत न घासतां झोंप! त्या तरुणाच्या आईनें आम्हांस विचारिलें, “पाळकसाहेब, त्याला दुसरें सुख तें काय आहे?” आम्हांस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. नंतर आम्हीं तिला एवढेंच सांगितलें कीं, गोड बंद करूं नका. तें जेवणाबरोबर द्या, आणि मधल्या वेळीं शेंगदाण्याचें कूट, ताक, दही, उकडलेलें अंडें, मऊ फळ असें कांहीं द्या. ज्यास गिळण्यास कठीण जातें त्यास अखंड शेंगदाणे, फुटाणे किंवा कडक फोडी मात्र देऊं नयेत, घशांत अडकतात. गोड औषधाविषयीं डॉक्टरांस विचारावें. साखरेवांचून तेंच औषध पुष्कळदां मिळतें. न मिळाल्यास औषधानंतर दोन घोट पाणी पाजावें.

आतां घासण्याची कृति. ही आम्ही सावकाश सांगतों, कारण घरचीं माणसें ‘तो करूं देत नाहीं’ म्हणून जें सोडून देतात, तें बहुधा बसण्याची रीत चुकल्यामुळें असतें. समोर उभें राहून डोकें मागें ढकलून तोंडांत ब्रश घातला, तर धडधाकट माणूसही झटकून टाकील. घासणाऱ्यानें ओट्यावर बसावें. ज्याचे दांत घासावयाचे त्याला खालच्या पायरीवर, पाठ आपल्याकडे करून, आपल्या गुडघ्यांमध्यें बसवावें, व त्याचें डोकें आपल्या पोटाशीं टेकवावें. डाव्या हातानें हनुवटी धरावी म्हणजे डोकें हलत नाहीं, आणि त्या माणसासही आधार वाटतो. चाकांच्या खुर्चीत असेल तर मागें उभें राहून तसेंच करावें. लहान मूल असेल तर दोघांनीं समोरासमोर गुडघ्यास गुडघे लावून बसावें. मुलाचें डोकें एकाच्या मांडीवर, पाय दुसऱ्याकडे. कसेंही असो, हनुवटी किंचित् खालीं असावी. ज्यास गिळण्याचा त्रास आहे त्यास उताणें निजवून दांत घासूं नयेत. लाळ व फेंस श्वासनलिकेंत जातो. अशा लोकांस वारंवार जो फुप्फुसाचा दाह होतो, त्याचें एक कारण हेंच कीं, तोंडांतील जंतु लाळेबरोबर छातींत उतरतात. म्हणून ज्यास नाकांतील किंवा पोटांतील नळीनें अन्न देतात त्याचेंही तोंड रोज स्वच्छ करावें. जेवतच नाहीं तर दांत कशाला घासावे, असें एका घरीं आम्हांस विचारिलें होतें. वस्तुतः नळीनें अन्न घेणाऱ्याच्या दांतांवर खर अधिक लवकर बसते.

ब्रश लहान डोक्याचा व मऊ केंसांचा घ्यावा. प्रथम गालाच्या बाजूनें, ओठ बोटानें उचलून, दांत व हिरडी यांच्या सांध्यावर ब्रश तिरपा धरून हळूहळू फिरवावा. पुष्कळ कीड व खर त्या सांध्यावरच बसते, आणि त्यासाठीं तोंड उघडावेंही लागत नाहीं. मग आंतील बाजू. ब्रश लागतांच जबडा आपोआप मिटणें हें या विकारांतील कित्येकांचें हट्टाचें नसतें, तें स्नायूंचें असतें. म्हणून दांतांमध्यें बोट कधींही घालूं नये. मऊ फडकें ओलें करून त्याची घट्ट गुंडाळी करावी व ती एका बाजूच्या मागल्या दाढांमध्यें ठेवून दुसरी बाजू घासावी. गुंडाळीचें दुसरें टोंक हातांत राहील एवढी ती लांब असावी. रक्त आलें तर घासणें थांबवूं नये. सुजलेली हिरडी रोज स्वच्छ केली म्हणजे एक-दोन आठवड्यांत रक्त येणें बहुधा कमी होतें. न झाल्यास दंतवैद्यास दाखवावें.

पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. मोठ्या माणसास मटारच्या दाण्याएवढी पुरे. ज्यास थुंकतां येत नाहीं त्यास व तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, नुसती ब्रशास लावलेली. शेवटीं फेंस फडक्यानें टिपून घ्यावा. भरपूर पाण्यानें चूळ भरविण्याची गरज नाहीं, कारण थोडें फ्लोराइड दांतांवर राहिलेलें बरें. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कांहीं गांवीं विहिरींच्या पाण्यांतच फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे, व तेथें मुलांच्या दांतांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. अशा गांवच्या लोकांनीं पेस्टविषयीं दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

सकाळीं व रात्रीं असें दोन वेळां घासावें. दोन्हीं जमत नसेल तर रात्रींचें सोडूं नये, कारण झोंपेंत लाळ कमी होते. एकदम सर्व तोंड घासूं दिलें नाहीं तर पहिल्या दिवशीं ब्रश नुसता ओठांस लावून सोडावें. दुसऱ्या दिवशीं पुढचे चार दांत. सकाळीं उजवी बाजू, रात्रीं डावी. रोज तीच जागा, तीच वेळ, तेंच माणूस असावें. महिना लागला तर लागो.

मशेरीविषयीं दोन शब्द. आमच्या भगिनी सकाळीं मशेरी लावितात, आणि अपंग मुलीसही तीच लावितात, ‘दांत घट्ट राहतात’ म्हणून. मशेरी ही भाजलेली तंबाखू होय. तिनें दांत घट्ट होत नाहींत. व्यसन मात्र जडतें, आणि तोंडाच्या कर्करोगास वाट मिळते. राखुंडीनें कवच झिजतें. कडुलिंबाची काडी ज्याच्या हातास बळ आहे त्यानें खुशाल वापरावी, पण दुसऱ्याच्या तोंडांत ती घालूं नये; हिरडीस टोंचते.

कांहीं दुखण्यांत विशेष लक्ष द्यावें लागतें. फेनिटॉइन नांवाची आकडीची गोळी फार जुनी व उपयोगी आहे. पण ती घेणाऱ्या पुष्कळांच्या हिरड्या वाढून दांतांवर चढतात, हें १९३९ पासून वैद्यांस ठाऊक आहे. अशा वेळीं गोळी आपल्या मनानें बंद करूं नये. आकडी उलटून जिवावर बेतेल. दांत अधिक काळजीनें घासावे, म्हणजे वाढ कमी राहते, व गोळी बदलतां येईल कीं काय हें डॉक्टरांस विचारावें. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे दांत उशिरा येतात, त्याबद्दल घाबरूं नये; त्यांस कीड बहुधा कमी लागते, पण हिरड्यांचा रोग ऐन तारुण्यांतच दांत पाडतो. या मुलांपैकीं सुमारें निम्म्यांच्या हृदयांत जन्मतः दोष असतो. हिरडीवाटे रक्तांत शिरलेले जंतु सदोष हृदयावर जाऊन बसूं शकतात; म्हणून दांत काढण्यापूर्वीं ही गोष्ट दंतवैद्यास अवश्य सांगावी.

महारोगानें ज्यांचे हात बधिर झाले त्यांचें दुःख निराळें. डॉक्टर पॉल ब्रँड यांनीं वेल्लूर येथें १९४६ नंतर केलेल्या कामांतून दाखवून दिलें कीं, या रुग्णांचीं बोटें रोगानें गळून पडत नाहींत. वेदना कळत नसल्यामुळें होणाऱ्या जखमांनीं तीं झिजतात. अशा हातानें ब्रशाची बारीक दांडी धरावयाची म्हणजे ती एक तर निसटते, नाहीं तर इतकी आवळली जाते कीं फोड येतो. दांडीवर सायकलच्या मुठीचें रबर चढवावें, किंवा जुन्या धोतराची पट्टी जाड गुंडाळावी, व हाताभोंवतीं सैल रबरी पट्टा लावावा. हीच युक्ति पक्षाघात झालेल्या वृद्धांस व संधिवातानें बोटें वांकलेल्यांस उपयोगी पडते. जें हातानें होईल तें त्या माणसानें स्वतः करावें. राहिलेलें दुसऱ्यानें पुरें करावें. आंधळ्यास ब्रश प्रथम हातांत देऊन चांचपूं द्यावा, आणि न सांगतां त्याच्या तोंडास हात लावूं नये.

दंतवैद्याकडे जावयाचें म्हणजे घरच्यांचे पाय मागें ओढतात, आणि त्यास कारणही आहे. वर सांगितलेल्या तरुणास प्रथम एका दवाखान्यांतून “हा खुर्चीवर बसणार नाहीं” एवढेंच सांगून परत पाठविलें होतें. २०१६ सालच्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यांत २१ प्रकारचीं अपंगत्वें मोजिलीं आहेत. त्या कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणें सरकारी व खासगी रुग्णालयांत अपंगांस जाण्यायेण्यास अडथळा नसावा, तपासणींत व उपचारांत त्यांस अग्रक्रम मिळावा, आणि ठरविलेल्या उत्पन्नाच्या आंतील कुटुंबांस जवळच, विशेषतः खेड्यांत, मोफत उपचार मिळावे, अशी व्यवस्था सरकारनें करावयाची आहे. सरकारदरबारीं आतां अपंगांस दिव्यांग म्हणतात. नांव गोड आहे. पण रांगेंत उभें राहतांना नांवापेक्षां कलमाचा आंकडा अधिक उपयोगी पडतो, तो पाठ करून ठेवावा. ज्यांस सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व आहे, त्यांच्यासाठीं राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ नांवाची आरोग्यविमा योजना आहे. तिची चौकशी अवश्य करावी. शाळेंत व अंगणवाडींत मुलांची तपासणी करणारें जें सरकारी पथक येतें, त्याच्या यादींत दांतही आहेत. घरीं बसविलेल्या अपंग मुलासही त्या दिवशीं उचलून न्यावें.

उपचार आतां पूर्वीसारखे भीतिदायक राहिलेले नाहींत. यंत्रानें न कोरतां, हातांतील हत्यारानेंच मऊ कीड खरवडून सिमेंट भरण्याची रीत १९८० नंतरच्या दशकांत टांझानिया देशांत निघाली. तिला ना वीज लागते, ना बहुधा सुई. दुसरें एक औषध चांदी व फ्लोराइड यांचें आहे, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. किडलेल्या जागीं त्याचा थेंब लाविला कीं कीड बहुधा थांबते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं तें आवश्यक औषधांच्या यादींत घातलें. दोष एवढाच कीं किडलेली जागा कायमची काळी होते. आणि पू धरलेल्या दांतास त्याचा उपयोग नाहीं. ज्यास खुर्चीवर क्षणभरही बसवत नाहीं त्यास मोठ्या रुग्णालयांत भूल देऊन एकाच वेळीं सर्व काम करितां येतें. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथें सरकारी दंत महाविद्यालयें आहेत. जिल्हा रुग्णालयांतून तेथें पाठविण्याची चिठ्ठी मागावी.

जातांना चालू औषधांच्या सर्व गोळ्या बरोबर न्याव्या, आकडी केव्हां आली होती तें सांगावें, आणि जमल्यास सकाळची वेळ मागावी. पहिल्या खेपेस कांहीं करूं नये. खुर्चीवर बसून उठावें, आरसा हातांत घेऊन पाहावा, एवढेंच. ऐकूं न येणाऱ्याशीं दंतवैद्यानें बोलतांना तोंडावरील फडकें खालीं करावें, हें घरच्यांनीं आधींच सांगून ठेवावें.

त्या तरुणाच्या घरीं आतां रात्रीं जेवणें झाल्यावर आई ओट्यावर बसून ब्रश फिरविते, आणि बाप बॅटरी धरितो. डाव्या बाजूच्या एका दाढेवर काळा डाग आहे, तो औषधाचा. सहा महिन्यांनीं पुन्हां दाखवावयास सांगितलें आहे, तेव्हां जानेवारींत त्यास जिल्ह्याच्या गांवीं नेणें आहे. रिक्षाचें भाडें मंडळीच्या वर्गणींतून द्यावयाचें ठरलें आहे.